अमेरिकेच्या प्रायमरीचे दोन-तीन वर्षं आधीचे पोल, म्हणजे मतचाचण्या, कशा वाचायच्या, हळदीच्या सौद्यावरनं सांगतो

आमच्या सांगलीच्या मार्केट यार्डात वर्षाच्या सुरुवातीला नव्या हळदीचा मुहूर्ताचा सौदा निघतो, पोत्यांना हार घालतात, पेढे वाटतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरात दर येतो. आमच्या आण्णांनी एका वर्षी तो दर वाचून माल घरातच ठेवला, म्हणले हाच दर पुढं मिळणार, आणि चैत्र संपला तरी तो दर काय परत दिसला नाही, शेवटी ताईच्या लग्नाला पैसे लागले म्हणून पडेल त्या भावानं हळद घातली. पेपरातला दर खोटा नव्हता बरं का, खरंच कुणीतरी मोजून दिला होता, पण तो थोड्या पोत्यांचा होता, त्या एका दिवसाचा होता आणि मुहूर्त म्हणून चढवून दिलेला होता. चूक दराची नव्हती, आम्ही तो जसा वाचला त्याची होती.

हे आठवायचं कारण म्हणजे माझा आतेभाऊ, आमचा दादा, न्यू जर्सीत असतो, आता तिकडचाच सिटिझन आहे, मतदान करतो. तो मला २०२८ च्या अध्यक्ष निवडणुकीच्या प्रायमरीच्या पोलचे फोटो पाठवत असतो, डेमोक्रॅटमध्ये कमला हॅरिस, गॅविन न्यूसम, पीट बुटिजेज, तिकडं रिपब्लिकनमध्ये जे. डी. व्हान्स, कुणाला किती टक्के, आणि खाली लिहितो "बघ, हाच येणार". मी ते विश्रामबागला चहाच्या गाड्यावर दाखवलं की लगेच दोन पार्ट्या पडतात. मी कॉलेजला असताना दोन सिझन सर्व्हेचं काम केलंय, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, हातात फॉर्म घेऊन दारोदार, त्यामुळं एक आकडा तयार होताना काय काय होतं ते जवळनं बघितलंय, आणि अमेरिकेचे पोल गेली बरीच वर्षं नाद म्हणून बघतोय. तर असा पोल हातात आला की काय करायचं ते मी करतो तसं सांगतो.

आधी प्रायमरी म्हणजे काय ते दोन मिनिटात. आपल्याकडं तिकीट वरनं ठरतंय. २०२४ ला सांगली लोकसभेची जागा आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेला गेली, चंद्रहार पाटील उमेदवार झाले, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि निवडून पण आले, हे आपण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंय. अमेरिकेत तिकिटाचा हा वाद मतदारांच्या पुढं जातो, पक्षाचे मतदारच मत देऊन ठरवतात आपला उमेदवार कोण. पण हे मतदान सगळ्या देशात एका दिवशी होत नाही, निवडणुकीच्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत एक राज्य, मग दुसरं, मग मार्चमध्ये सुपर ट्युजडेला एकदम बरीच, असं जूनपर्यंत चालतं. प्रत्येक राज्यातनं डेलिगेट, म्हणजे अधिवेशनातले प्रतिनिधी, मिळतात आणि उन्हाळ्यातल्या अधिवेशनात ज्याच्याकडं निम्म्याहून जास्त डेलिगेट त्याला तिकीट. डेमोक्रॅटमध्ये साधारण १५ टक्के मतं मिळाली तरच डेलिगेट हातात पडतात, रिपब्लिकनमध्ये पुढं पुढं बऱ्याच राज्यांत पहिला येईल तो सगळेच घेऊन जातो.

आता यातनं एक गोष्ट निघते ती डोक्यात पक्की बसवा. देशभरातल्या लोकांना विचारून केलेला प्रायमरीचा पोल हा अशा मतदानाचा पोल आहे जे कधी होणारच नाही. देशभर एका दिवशी प्रायमरी नसतेच. मत पडतं ते आयोवात, न्यू हॅम्पशायरमध्ये, नेवाडात, साउथ कॅरोलायनात, आणि तिथं जे होतं त्यानं पुढच्या राज्यांचं मन बदलतं. आयोवाची लोकसंख्या ३२ लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याएवढी धरा, आणि २०२४ च्या रिपब्लिकन कॉकसला, म्हणजे ठरलेल्या वेळी जमून मत द्यायच्या सभेला, त्यातले साधारण १ लाख १० हजार लोक आले होते. एवढ्या लोकांचा कौल बघून अख्ख्या देशातला पैसा आणि बातम्या इकडच्या तिकडं होतात.

तर पोल आला की मी टक्के बघतच नाही आधी, तारीख बघतो. लोकांना फोन कधी केले ती तारीख, बातमी छापली ती नव्हे. मग मतदानाला किती दिवस राहिलेत ते मोजतो. दोन वर्षं असतील तर त्या पोलमध्ये मुख्यतः एकच गोष्ट मोजली जातीय, कुणाचं नाव किती लोकांनी ऐकलंय. हे मी ऐकून सांगत नाही, दारात उभं राहून बघितलंय. आटपाडी भागात एका मावशींना मी विचारलं तुम्ही कुणाला मत देणार, त्यांनी एक नाव घेतलं, मी सहज विचारलं का म्हणून, तर म्हणल्या "अरे बाबा, त्याचाच बोर्ड दिसतोय की एसटी स्टँडवर, दुसऱ्याचं नाव तरी कुणाला माहितीय". मी फॉर्मवर टिक केली आणि पुढच्या घरी गेलो. ती टिक नंतर एका टक्क्यात जमा झाली असणार, आणि कागदावर ती टिक आणि मनापासून ठरवलेल्या माणसाची टिक सारखीच दिसते. आज मला ते फार लागतं, की "का" हे उत्तर फॉर्मवर लिहायला जागाच नव्हती.

अमेरिकेतली उदाहरणं बघा मग कळेल. २००३ च्या सुरुवातीला डेमोक्रॅटच्या पोलमध्ये जो लिबरमन पुढं होते, कारण २००० ला ते उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते, नाव घरोघरी गेलेलं. २००४ ला मतदान सुरू झालं तर एकही राज्य नाही जिंकलं, तिकीट जॉन केरींना. २००७ मध्ये रिपब्लिकन बाजूला रुडी जुलियानी जवळपास वर्षभर देशाच्या पोलमध्ये पहिले, न्यूयॉर्कचे महापौर होते ११ सप्टेंबरच्या हल्ल्यावेळी, सगळ्या जगाला माहीत. त्यांनी सुरुवातीच्या राज्यांवर जोर न देता फ्लोरिडावर भिस्त ठेवली, जानेवारी २००८ अखेर तिथं तिसरे आले आणि बाहेर पडले, तेही एक राज्य न जिंकता. २००७ मध्येच डेमोक्रॅटमध्ये हिलरी क्लिंटन काही पोलमध्ये २० टक्क्यांच्या वर पुढं होत्या, ओबामांनी ३ जानेवारीला आयोवा जिंकलं आणि सगळं चित्रच फिरलं. आणि जिमी कार्टर, १९७५ मध्ये पोलमध्ये त्यांचं नाव जेमतेम दिसायचं, लोक विचारायचे जिमी कोण, १९७६ ला तेच अध्यक्षपदाची निवडणूक जिंकले.

पण थांबा, हे वाचून सुरुवातीचे पोल बिनकामाचे असं म्हणून फेकून देऊ नका, ती उलटी चूक आहे आणि आमच्या गाड्यावर अर्धे लोक ती करतात. २००० ला जॉर्ज बुश आणि अल गोर दोघंही सुरुवातीपासनं पुढं होते आणि दोघांनाच तिकीट मिळालं. २०१६ ला हिलरी, २०२० ला बायडन, २०२४ ला ट्रम्प, हे पण आधीपासनं पुढंच होते. मग ओळखायचं कसं कुठला टिकणार? माझा हिशोब असा आहे, ज्याला सगळे ओळखतात आणि तरी जो ५०-५५ टक्क्यांवर आहे तो खरंच भक्कम. ज्याला सगळे ओळखतात पण जो २५-३० टक्क्यांवर अडकलाय, तो पहिला असला तरी त्याच्याबद्दल ७० टक्के लोकांचं म्हणणं आहे की ओळखतो पण दुसरा कोण आहे ते बघू. पहिला नंबर दोघांचाही, पण माल वेगळा.

हे मोजायचं पण एक सोपं गणित आहे. चांगल्या पोलमध्ये आत एक प्रश्न असतो, या नेत्याबद्दल तुमचं मत चांगलं, वाईट, की ऐकलंच नाही. बातमीत तो येत नाही, पोल करणाऱ्यांच्या मूळ पीडीएफमध्ये असतो, तो शोधायचा. समजा, नुसतं समजा हां, एकाला ९५ टक्के लोक ओळखतात आणि ३० टक्के मत देतो म्हणतात, दुसऱ्याला ४० टक्केच ओळखतात आणि १४ टक्के मत देतो म्हणतात. बातमीत येणार ३० विरुद्ध १४, दुप्पट पुढं. आता मताला ओळखीनं भागा. पहिल्याचे ३० भागिले ९५, म्हणजे ओळखणाऱ्या शंभरातले साधारण ३२ जण. दुसऱ्याचे १४ भागिले ४०, म्हणजे ३५ जण. जे ओळखतात त्यांच्यात दुसराच थोडा पुढं आहे. याचा अर्थ तो जिंकणार असं नाही, ज्यांना तो अजून माहीत नाही ते वेगळ्या विचाराचे असू शकतात, जे आधी ओळखतात ते बहुतेक राजकारण रोज बघणारे असतात. पण त्याला अजून वाढायला जागा आहे आणि पहिल्याला फारशी नाही, एवढं तरी दिसतं. मी वहीत हा भागाकार प्रत्येक नावापुढं लिहून ठेवतो, पाच मिनिटं लागतात.

चांगलं-वाईट मत पण कायम राहतंय असं नाही. २०१५ च्या वसंतात बरेच रिपब्लिकन मतदार ट्रम्पबद्दल नापसंत म्हणत होते, १६ जूनला त्यांनी उभं राहायचं जाहीर केलं, महिनाभरात पोलमध्ये पहिले आणि नापसंतीचा आकडा उलटा फिरला. म्हणून हा भागाकार एकदा करून सोडून देऊ नका, प्रत्येक नव्या पोलला करा.

आता सॅम्पल, म्हणजे ज्यांना विचारलं ती माणसं. सॅम्पलबद्दल सगळे बोलतात पण नेमकं कुठलं बघायचं ते चुकतं. बातमीत लिहिलेलं असतं १००० लोकांना विचारलं, चूक-भूल अधिक उणे ३ टक्के, म्हणजे खरा आकडा ३ नं वर किंवा खाली असू शकतो. पण त्या १००० मध्ये दोन्ही पक्षांचे आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले पण लोक आहेत की. डेमोक्रॅट प्रायमरीचा प्रश्न विचारला जातो फक्त डेमोक्रॅट बाजूच्या लोकांना, ते समजा निघाले ४००. मग तुमचं सॅम्पल ४००, आणि चूक-भूल ५ टक्के, ३ नाही. त्यात परत कुणी म्हणलं की तरुणांमध्ये हा पुढं, तर ते तरुण असतील शंभरभर, तिथं चूक-भूल जवळपास १० टक्के. आणि अजून एक गोष्ट जी फार कमी लोक धरतात, दोन उमेदवारांतल्या फरकाची चूक-भूल एकट्याच्या चूक-भुलीपेक्षा मोठी असते. ४०० लोकांत एक २८ आणि दुसरा २४ असेल तर फरक ४ चा, पण त्या फरकाची चूक-भूल ७ च्या आसपास. म्हणजे "आघाडीवर" हा शब्द तिथं वापरायलाच नको, दोघं बरोबरीत आहेत म्हणा आणि पुढच्या पोलची वाट बघा.

हे मी इतकं लावून धरतोय कारण या आकड्यांवर तिकडं माणसांचं भवितव्य ठरतं. २०१९ ला डेमोक्रॅट पक्षानं जूनच्या पहिल्या डिबेटला नियम केला होता की तीन पोलमध्ये १ टक्का, नाहीतर ६५ हजार देणगीदार. सप्टेंबरच्या डिबेटला चार पोलमध्ये २ टक्के, आणि सोबत १ लाख ३० हजार देणगीदार पण. आता ४०० च्या सॅम्पलमध्ये १ टक्का म्हणजे ४ माणसं आणि २ टक्के म्हणजे ८ माणसं. चार माणसांनी फोन उचलला की नाही यावर एखादा राज्यपाल किंवा सिनेटर देशासमोर बोलणार की घरी बसणार हे ठरू शकतं. मला हे खरंच चुकीचं वाटतं, ओळख नसलेल्या माणसाला ओळख करून द्यायची जागा म्हणजे डिबेट, आणि आत यायला ओळखच मागायची. पण नियम तसा होता, म्हणून सुरुवातीचे पोल नुसते अंदाज सांगत नाहीत, ते पुढं कोण राहणार ते ठरवायला पण मदत करतात, पैसा पण आकड्यामागं जातो, हे लक्षात ठेवून वाचा.

कुणाला विचारलं हे पण बघायचं. सगळ्या प्रौढांना, की नोंदणी असलेल्या मतदारांना, की प्रायमरीला नक्की येणाऱ्यांना, हे तीन वेगळे आकडे देतात. प्रायमरीला मुख्य निवडणुकीपेक्षा खूपच कमी लोक येतात, कॉकसला तर त्याहून कमी कारण तिथं संध्याकाळी ठरलेल्या वेळी जाऊन बसावं लागतं, आणि दीड-दोन वर्षं आधी तर कोण येणार हे त्या माणसाला स्वतःलाच माहीत नसतं. काही राज्यांत फक्त पक्षात नोंदणी असलेल्यांनाच मत देता येतं, न्यू हॅम्पशायरसारख्या ठिकाणी कुठल्याच पक्षात नसलेला मतदार दोन्हीपैकी एका प्रायमरीत जाऊन मत देऊ शकतो. फोन उचलणारे पण कमी झालेत, प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या सर्व्हे करणाऱ्या संस्थेनं स्वतः सांगितलंय की त्यांच्या फोन सर्व्हेला १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद द्यायचे, २०१८ मध्ये ६ टक्के. म्हणजे शंभर फोन लावले की सहा जण बोलतात, आणि त्या सहा जणांना वय, शिक्षण, वंश, भाग असं वजन देऊन देशासारखं करायचं. हे वजन कसं दिलं ते ज्या पोलमध्ये लिहिलेलं नाही तो मी वहीत घेत नाही.

नुसतं सॅम्पल मोठं असून पण काय होत नाही. १९३६ ला लिटररी डायजेस्ट साप्ताहिकानं एक कोटीच्या आसपास कागद वाटले, वीस लाखांच्या वर परत आले, आणि सांगितलं रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. कागद पाठवले होते ते गाडी आणि फोन असणाऱ्यांच्या याद्या वापरून, मंदीच्या काळात, आणि परत पाठवले ते ज्यांना राग होता त्यांनी जास्त. जॉर्ज गॅलप यांच्या सर्व्हे संस्थेनं त्यामानानं खूप लहान सॅम्पल घेऊन बरोबर सांगितलं. आपल्याकडं व्हॉट्सॲपवर लिंक येते ना, तुमच्या तालुक्याचा पुढचा आमदार कोण, क्लिक करा, तो हाच प्रकार, ज्याच्या पोरांकडं मोबाईल जास्त तो पुढं. तसला क्लिकवाला पोल अमेरिकेतला असला तरी वहीत घ्यायचा नाही. आणि एखाद्या उमेदवाराच्या टीमनंच करून बाहेर सोडलेला पोल असेल तर त्यापुढं मोठी फुली मारून ठेवा, कारण वाईट आलेला पोल कुणी बाहेर सोडत नाही.

प्रश्न कसा विचारला याच्यावर मी एक अख्खा दिवस बोलू शकतो. नावं वाचून दाखवली की नुसतंच विचारलं कुणाला देणार? नुसतं विचारलं तर सुरुवातीच्या काळात निम्म्याच्या आसपास लोक सांगूच शकत नाहीत, आणि तोच खरा आकडा असतो की लोकांनी अजून विचारच केला नाही. नावं वाचून दाखवली की प्रत्येकजण कुणालातरी निवडतो, शांत बसायला लाज वाटते. आम्हाला आमच्या एजन्सीनं यादी दिली होती ती सगळ्यांना एकाच क्रमानं वाचायला सांगितली होती, पहिलं नाव दिवसभर पहिलंच, आणि संध्याकाळी फॉर्म मोजताना मला दिसत होतं की दमलेली माणसं पहिलंच नाव घेतात. मी सुपरवायझरला सांगितलं, तो म्हणाला तू फॉर्म भर. चांगले पोल नावांचा क्रम दर फोनला बदलतात. याची किंमत काय असते ते २०२० ला बघा, आयोवा कॉकसच्या दोनच दिवस आधी अ‍ॅन सेल्झर या आयोवातल्या नावाजलेल्या पोल करणाऱ्या बाईंचा शेवटचा पोल येणार होता, ज्याची सगळा देश वाट बघायचा, आणि एका माणसानं तक्रार केली की मला नावं वाचून दाखवताना बुटिजेज यांचं नाव आलंच नाही. कदाचित ते एका स्क्रीनपुरतंच असेल, पण त्यांनी अख्खा पोल थांबवला, छापलाच नाही. मला त्या निर्णयाबद्दल फार आदर आहे. सगळं काम एका नावासाठी बाजूला ठेवलं.

"अजून ठरवलं नाही" हा रकाना पण दुर्लक्ष करू नका. आपल्या भागात माणूस "बघू की" म्हणाला की त्याचे चार अर्थ निघतात, नाही, सांगणार नाही, खरंच माहीत नाही, आणि घरात विचारून सांगतो. अमेरिकेत पण वेगळं नाही. काही पोल अशा लोकांना परत ढोसून विचारतात की झुकता कुठं, काही तसंच सोडतात, त्यामुळं एका पोलमध्ये न ठरवलेले ८ टक्के आणि दुसऱ्यात ३० टक्के दिसले तर जनता बदलली असं समजू नका, विचारायची पद्धत वेगळी आहे. न ठरवलेले आणि "मत बदलू शकतो" म्हणणारे मिळून निम्म्याहून जास्त असतील तर पहिल्या नंबरवर बोलण्यात वेळ घालवू नका. त्यापेक्षा दुसरी पसंती विचारली असेल तर ती बघा, प्रायमरीत ती सोन्यासारखी असते कारण माणसं मधेच बाहेर पडतात. २०२० ला बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, लोकांनी संपले म्हणून सांगितलं, मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना ४८ टक्क्यांच्या वर घेऊन जिंकलं, लगेच बुटिजेज आणि एमी क्लोबुशार बाहेर पडून बायडन यांच्या मागं उभे राहिले, आणि ३ मार्चला सुपर ट्युजडेला चित्र पालटलं. साउथ कॅरोलायनातल्या कृष्णवर्णीय मतदारांत बायडन भक्कम आहेत हे आधीच्या वर्षभराच्या पोलमध्ये दिसत होतं, पहिली दोन राज्यं हरल्यावर ते कुणी बघितलं नाही.

शेवटच्या आठवड्याचा पोल पण चुकतो, त्याची पण तयारी ठेवा. जानेवारी २००८ ला न्यू हॅम्पशायरच्या आदल्या दिवसापर्यंत पोल सांगत होते ओबामा जिंकणार, जिंकल्या हिलरी. नंतर अमेरिकेतल्या पोल करणाऱ्यांच्या संघटनेनं चौकशी करून मोठा अहवाल काढला. आयोवाचा निकाल लागून पाच दिवसच झाले होते, लोक शेवटपर्यंत ठरवत होते, हे त्यातलं एक कारण. आपल्याला हे समजायला साताऱ्याची २०१९ ची पोटनिवडणूक आठवा, २१ ऑक्टोबरला मतदान आणि १८ तारखेला पवारसाहेबांची भर पावसातली सभा. त्या सभेनं नेमकी किती मतं फिरली हे मोजता येणार नाही, पण १० तारखेला केलेल्या कुठल्याही सर्व्हेत तो पाऊस असूच शकत नव्हता एवढं नक्की.

वही कशी ठेवायची ते थोडक्यात. एका पानावर एकच पोल करणारी संस्था. तारीख, प्रायमरीवाल्यांचं सॅम्पल, नावं दिली होती का, न ठरवलेले किती, प्रत्येक नावाचा टक्का आणि तो भागाकार. एका संस्थेचा मे महिन्याचा आकडा दुसऱ्या संस्थेच्या जूनशी लावून "वाढला" म्हणायचं नाही, प्रत्येकाची पद्धत वेगळी, त्याच संस्थेचा मे आणि जून एकमेकांशी लावा. सगळ्यांची सरासरी बघायची असेल तर रिअलक्लिअरची साइट आहे, फाइव्हथर्टीएट होती ती २०२५ ला बंद झाली. देशाच्या पोलसाठी एक पान पुरे, सुरुवातीच्या राज्यांना जास्त पानं ठेवा. आणि जुनं कॅलेंडर पाठ करून बसू नका, २०२४ ला डेमोक्रॅट पक्षानं आयोवाला मागं टाकून साउथ कॅरोलायनाला पहिलं केलं होतं, पहिली राज्यं कुठली हे पक्ष बदलू शकतो, तेवढं तपासून घ्या.

परवा दादाचा परत फोटो आला, बार चार्ट, वरती एकाचं नाव आणि जळणारी ज्योत. मी लिहिलं, दादा, फोन कधी केलेत, डेमोक्रॅट किती होते त्यात, आणि न ठरवलेले कुठं गेले, फोटोची बेरीज ७१ होतीय. अर्ध्या तासानं त्यानं मूळ पीडीएफ पाठवली, ३४ पानांची, आणि खाली लिहिलं, "पान १९ बघ, तुझा भागाकार मी केलाय, पण दोन नंबरवाला वर येतोय, बरोबर आहे का बघून सांग". आण्णा शेजारी बसले होते, त्यांनी चष्मा लावला आणि म्हणले, वाच बघू ते १९ वं पान मोठ्यानं.